वॉकर, फुलर, टकर : एकाच धंद्याची तीन आडनावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी आडनावांबद्दल मराठी वाचकांचे जे प्रश्न येत राहतात, त्यांत वॉकर कायम वरच्या नंबरावर असतो. बाटलीवर तोच, जुन्या हिंदी सिनेमात तोच, क्रिकेटच्या धावफलकावरही अधूनमधून तोच. खाली सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वॉकर म्हणजे चालणारा. यात विचारण्यासारखं काय आहे?

चालणारा खरा, पण रस्त्यावरून नव्हे, कापडावरून. मध्ययुगातल्या इंग्लंडात मागावरून उतरलेलं लोकरी कापड हौदात टाकून पायांनी तुडवायची पद्धत होती. हे काम करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीतल्या 'वेअल्कन' या क्रियापदाचा अर्थ घोळणं, लोळवणं, दाबणं असा होता आणि ते करणाऱ्याला 'वेअल्केरे' म्हणत. पायी चालण्याचा अर्थ त्या क्रियापदाला पुढं चिकटला. थोडक्यात, विणकर, रंगारी आणि शिंपी यांच्यावरून पडलेल्या वीव्हर, डायर, टेलर या आडनावांच्या शेजारी वॉकरला बसवायचं.

२. शेवटी 'कर' आहे. कोकणाशी काही संबंध?

नाही. आपला 'कर' गावाला लागतो, त्यांचा 'अर' कामाला. वालावलकरांनी उगाच आशा धरू नये.

३. पण कापड विणून झाल्यावर ते तुडवायचं कशाला?

सुती कापडाच्या मुलखात वाढलेल्यांना हा प्रश्न पडणारच. मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड विरविरीत असतं. उजेडात धरलं तर धाग्यांमधल्या फटी दिसतात. शिवाय ते तेलकट असतं, कारण सूत कातताना लोकर ओशट ठेवावी लागते. असं कापड अंगावर घातलं तर वारा आरपार जातो आणि कात्री लावली की कडेचे धागे सुटायला लागतात.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि रगडा एकत्र मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. चांगला स्वेटर गरम पाण्यात धुतला आणि तो धाकट्या पोराच्या मापाचा होऊन बाहेर आला, हा घरचा अपघात ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. वॉकर तोच अपघात मुद्दाम आणि मोजूनमापून घडवायचा. लांब लाकडी किंवा दगडी हौदात कापडाची घडी, वर कोमट पाणी आणि इतर काही द्रव (त्याबद्दल प्रश्न ४), आणि आत दोघं-तिघं उघड्या पायांनी तासन्‌तास उभे. मधूनमधून कापड उपसायचं, घड्या बदलायच्या, सुरकुती एकाच जागी बसली नाही ना ते बघायचं आणि पुन्हा तुडवायला लागायचं. सुरकुती बसली तर तिथं कायमची रेघ उठते आणि ठाण वाया जातं. म्हणजे काम ताकदीचं दिसलं तरी नजर पक्की लागायची. शेवटी कापड एक तृतीयांशाहूनही जास्त आक्रसलेलं असायचं, पण इतकं दाट की वीण दिसू नये आणि पावसाचं पाणी वरच्या वर ओघळावं.

नंतर ते कापड उघड्या मैदानात लाकडी चौकटींवर, आकड्यांना अडकवून ताणून वाळवत. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात 'टेंटर ग्राउंड' नावाचा रस्ता आजही आहे, तो याच चौकटींवरून. मग काटेरी बोंडांनी तंतू वर उचलायचे आणि मोठ्या कात्रीनं सारखे कापायचे. हे कातरणाऱ्याचं वेगळं आडनाव झालं शेरमन.

४. यात लघवी वापरायचे म्हणतात. खरं की थट्टा?

शंभर टक्के खरं. ताजी नव्हे, शिळी. साठवलेल्या मूत्रात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीतला ओशटपणा कापतो. साबण महाग होता आणि हा माल घरोघर फुकट तयार व्हायचा. उत्तर इंग्लंडात त्याला 'लँट' असं खास नाव होतं आणि लोकरीच्या गावांत तो एकोणिसाव्या शतकातही गोळा होत होता. मूत्रानंतर विशिष्ट माती (प्रश्न ५), त्यानंतर भरपूर स्वच्छ पाणी, असा क्रम असे. ही रीत इंग्लंडात जन्मलेली नाही. प्राचीन रोममध्येही हा धंदा असाच चाले आणि सम्राट व्हेस्पेझियननं सार्वजनिक मुताऱ्यांतून उचललेल्या मूत्रावर कर बसवला होता.

आपल्याकडचं घोंगडं याहून वेगळं. त्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि त्याचा तो कडकपणा खळीचा असतो.

५. मुलतानी मातीच्या पाकिटावर 'फुलर्स अर्थ' लिहिलेलं असतं. हा फुलर कोण?

तोच, कापड तुडवणारा. इंग्लंडात या कामगाराला फुलरही म्हणत (प्रश्न ६), आणि तेल शोषून घेणारी जी मऊ माती तो कापडावर चोपडायचा ती 'फुलरची माती'. सरे परगण्यात नटफील्ड आणि रेडहिलच्या आसपास, बाथ शहराजवळ आणि बेडफर्डशरमध्ये वोबर्न इथं तिच्या खाणी होत्या. लोकरीचं कापड हा इंग्लंडचा मोठा व्यापार असल्यानं ही माती परदेशी जाऊ नये म्हणून सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदीसुद्धा होती. पुढं कापडाचा संबंध सुटला आणि तीच माती खाद्यतेल शुद्ध करायला, मांजरांच्या पेटीत टाकायला आणि आपल्याकडं चेहऱ्याला लावायला वापरात आली. चेहऱ्यावर ती काम करते तेही त्याच गुणामुळं: तेल ओढून घेते.

६. म्हणजे वॉकर आणि फुलर एकच? मग टकर कोण?

तिघंही एकच. फरक धंद्यात नाही, मुलखात आहे. मला विचाराल तर या तीन आडनावांतली सगळ्यात मजेची गोष्ट हीच.

उत्तर इंग्लंड, पश्चिमेकडचा मिडलँड्स (इंग्लंडचा मधला पट्टा) आणि स्कॉटलंड इथं त्याला वॉकर म्हणत. आग्नेय इंग्लंड आणि ईस्ट अँग्लियात, म्हणजे केंट, ससेक्स, सफक, नॉरफक या पट्ट्यात, तो फुलर. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलच्या बाजूला तो टकर. फुलरच्या मुळाशी लॅटिन 'फुल्लो' आहे आणि त्याला नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या, राज्यकर्त्यांच्या फ्रेंचचंही बळ मिळालं. टकर आला तो जुन्या इंग्रजीतल्या 'छळणे, पिडणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून. हौदातल्या कापडाची अवस्था पाहिली तर हे नाव सर्वांत प्रामाणिक म्हणावं लागेल.

गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांतही ही वाटणी दिसते. यॉर्कशरमधल्या बेव्हर्ली गावात 'वॉकरगेट' हा रस्ता आहे. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नला लागून 'टकिंगमिल' वस्ती आहे. एक्सेटरमध्ये विणकर, तुडवणारे आणि कातरणारे यांच्या संघाचं १४७१ सालचं सभागृह अजून उभं आहे, त्याचं नाव 'टकर्स हॉल'. हेच सभागृह यॉर्कमध्ये असतं तर बहुधा 'वॉकर्स हॉल' झालं असतं.

म्हणून एखाद्याचं आडनाव टकर आहे म्हटल्यावर 'पूर्वज काय करायचे' यापेक्षा 'पूर्वज कुठले' याचं उत्तर जास्त नेमकं मिळतं. सीमा काटेकोर नव्हत्या हे मात्र ध्यानात ठेवावं. कामाच्या शोधात माणसं फिरत, कारकून लॅटिनमध्ये नोंद करताना तिघांनाही 'फुल्लो' लिहून मोकळे होत, आणि तेराव्या शतकात दक्षिणेकडच्या कागदांतही तुरळक वॉकर सापडतात.

७. पाणचक्कीवर हे काम व्हायला लागल्यावर 'तुडवणारा' हे नाव का टिकलं?

कारण यंत्र बदललं तरी कामाचं नाव बदलत नाही. इंग्लंडातल्या कापड तुडवणाऱ्या पाणचक्क्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींत ११८५ सालची, टेम्पलर सरदारांच्या (धर्मयुद्धांत लढणाऱ्या ख्रिस्ती संघाच्या) मालमत्तेच्या पाहणीतली नोंद येते. पाण्याच्या चाकानं लाकडी हातोडे आळीपाळीनं उचलायचे आणि कापडावर सोडायचे, एवढीच युक्ती. तेराव्या शतकात या चक्क्या झपाट्यानं पसरल्या आणि वेगानं वाहणारे ओढे जिकडं होते त्या डोंगराळ भागाकडं धंदा सरकत गेला. चक्कीला उत्तरेत 'वॉक मिल', नैर्ऋत्येला 'टकिंग मिल' आणि वेल्समध्ये 'पॅन्डी' म्हणत. तिथल्या टोनीपॅन्डी या एकेकाळच्या खाणकामगारांच्या गावाच्या नावात तीच चक्की आहे.

आता तारखा जुळवून बघा. आडनावं पक्की झाली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांत (प्रश्न ८), म्हणजे चक्क्या आल्यानंतर. तेव्हा ज्यांच्या नावापुढं वॉकर कायमचं लागलं त्यातल्या बऱ्याच जणांचे पाय कधी हौदात भिजलेही नसतील. ते चक्कीवर हातोड्यांखाली कापड फिरवत असणार.

८. ही आडनावं पिढीजात कधीपासून झाली?

१०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्यातल्या जमीनदारांनी आधी आडनावं धरली. सामान्य माणसाला तोवर एकच नाव पुरत होतं. मग अडचण अशी की नावं मोजकीच. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड यांतच अर्धं गाव संपायचं. म्हणून जॉन चक्कीवाला, जॉन टेकडीखालचा, जॉन रॉबर्टचा, जॉन तांबडा अशी ओळख लागायला लागली. ही ओळख सुरुवातीला त्या माणसापुरतीच असायची. बापाला वॉकर म्हणत असतील तर लेक रोटीभट्टीवर लागल्यावर बेकर व्हायचा.

चौदाव्या शतकात हे हळूहळू गोठलं. जमिनीचे हक्क, न्यायालयं आणि मुख्य म्हणजे कर, या सगळ्यांना माणूस ओळखायला टिकाऊ नाव हवं होतं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली, तिच्या याद्या अभ्यासकांसाठी खजिनाच आहेत. १४०० च्या सुमारास इंग्लंडातल्या बहुतेकांना पिढीजात आडनाव होतं. उत्तरेला थोडं उशिरा, वेल्समध्ये तर कितीतरी उशिरा.

९. वॉकर ही तिकडची जात होती का?

हा प्रश्न आपल्याकडूनच येतो आणि तो रास्तही आहे. आपल्याला आडनाव ऐकलं की पुढची माहिती आपोआप जुळवायची सवय आहे, आणि त्या सवयीनं इंग्रजी आडनावं वाचली की घोटाळा होतो.

उत्तर : नाही. वॉकरचा मुलगा वॉकर व्हायलाच हवा असा नियम नव्हता, त्यानं वॉकरच्याच मुलीशी लग्न करावं असाही नव्हता. धंदा शिकायचा तो उमेदवारीनं. बाप कुणीही असो, ठरावीक वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढली आणि संघानं मान्य केलं की माणूस त्या धंद्यातला. म्हणून एकदा आडनाव गोठल्यावर ते आणि काम यांची फारकत फार लवकर झाली. दोन-तीन पिढ्यांत शेती करणारे वॉकर, कापड विणणारे बेकर आणि पाव भाजणारे टकर सगळीकडं झाले.

आपल्याकडच्या कुलकर्णी-देशपांड्यांशी तुलना केली तर हा फरक दिसतो. तिथं नाव आणि वतन हातात हात घालून पुढच्या पिढीकडं जायचं, १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्यानं परगणे आणि कुलकर्णी वतनं संपवली तोवर. वॉकरला वतन नव्हतं, नुसतं नाव होतं.

मूत्रात उभं राहणाऱ्याला समाजात खालचं मानत असतील, असाही एक उपप्रश्न असतो. वास येत होता, त्यावरून टिंगलही होत असेल. पण लंडनच्या फुलर मंडळींचा स्वतःचा संघ होता. १५२८ मध्ये तो आणि कातरणाऱ्यांचा संघ एक होऊन 'क्लॉथवर्कर्स कंपनी' झाली. ती लंडनच्या बारा मानाच्या संघांत बसते आणि आजही चालू आहे. इंग्लंडात उच्चनीच नव्हतं असा याचा अर्थ मुळीच नाही. जमीनदार आणि कुळं यांच्यातली दरी मोठी होती. फक्त ती धंद्याच्या नावावरून जन्मभरासाठी ठरत नव्हती.

१०. मग सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद तरी आहेत का?

नाही. प्रत्येक कापडगावात एक तरी कुटुंब या धंद्यात असणार आणि शेकडो ठिकाणी हे नाव स्वतंत्रपणे पडलं. बापाकडून मुलाकडं जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा आडनावांशी मेळ घालून पाहणारं काम लेस्टर विद्यापीठात झालं. त्यात दिसलं की दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत समान पूर्वजाची खूण वारंवार सापडते, पण स्मिथसारख्या सर्रास आडनावात दोन स्मिथ हे कुठल्याही दोन अनोळखी माणसांइतकेच परके निघतात. वॉकर स्मिथच्याच बाजूला पडतो. दोन वॉकर भेटले तर त्यांच्यात नातं असण्याची शक्यता दोन पाटलांइतकीच समजा.

११. आज वॉकर किती आहेत?

ब्रिटनमध्ये हे आडनाव पहिल्या वीसांत येतं आणि यॉर्कशर-लँकेशर पट्ट्यात त्याचा जोर अजून जाणवतो. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ५,२३,१२९ वॉकर होते, क्रमांक ३१ वा. तुलनेसाठी, पहिल्या क्रमांकावरचे स्मिथ होते २४,४२,९७७. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड इथंही वॉकर भरपूर. जिथं जिथं इंग्लिश आणि स्कॉटिश वसाहती गेल्या तिथं तो पोचला.

१२. धंदा एकच, तर फुलर आणि टकर मागं का पडले?

मागं म्हणजे बरेच मागं. अमेरिकेत दोघांची बेरीज केली तरी वॉकरची बरोबरी होत नाही. याची दोन कारणं सांगता येतात. एक, वॉकर म्हणणारा मुलूखच मोठा होता, त्यात स्कॉटलंडची भर (प्रश्न १४). दुसरं जास्त महत्त्वाचं: अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गिरण्या आल्या त्या उत्तरेत. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड फुगले आणि तिथली आडनावंही त्यांच्याबरोबर फुगली. डेव्हनचा लोकरधंदा तोवर उतरणीला लागला होता. टकरांची संख्या तिथल्या लोकसंख्येबरोबर रेंगाळली.

आडनावाची आजची संख्या म्हणजे त्या काळच्या कारागिरांची संख्या, असं समजणं चूक आहे. मधल्या सहाशे वर्षांत कुणाला मुलगे झाले, कुठलं गाव प्लेगनं बसलं, कुणी बोट पकडली, यावर सगळा खेळ आहे. विणकर हे तुडवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, तरी वीव्हर, वेबर, वेब आणि वेबस्टर अशी त्यांची विभागणी झाल्यानं वॉकर एकटा पुढं दिसतो.

१३. अमेरिकेत इतके कृष्णवर्णीय वॉकर कसे?

तिथल्या वॉकरांपैकी साधारण तीनातला एक कृष्णवर्णीय आहे. मूळ गुलामगिरीत. पण 'मालकाचं आडनाव लागलं' हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. मुक्त झालेल्यांनी कधी आधीच्या मालकाचं नाव धरलं, कधी ते टाळून दुसरं घेतलं, आणि अनेकांकडं स्वतःपुरतं आडनाव आधीपासून होतं.

मॅसॅच्युसेट्सचा क्वॉक वॉकर बघा. १७८१ मध्ये तो स्वातंत्र्यासाठी कोर्टात गेला, १७८३ पर्यंत चाललेल्या त्या खटल्यांनी त्या राज्यात गुलामगिरीचा पाया उखडला. त्याच्या मालकांची आडनावं होती कॉल्डवेल आणि जेनिसन. वॉकर दोघांपैकी एकही नव्हता. आणि केसांच्या प्रसाधनांवर संपत्ती उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर या जन्मानं सारा ब्रीडलव्ह. वॉकर हे नवऱ्याचं आडनाव, तेच पुढं डब्यांवर छापलं गेलं. अशा वेळी यॉर्कशरचा हौद शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

१४. जॉनी वॉकर तर स्कॉटिश. मग हे इंग्लिश आडनाव कसं?

दोन्हीकडचं आहे. स्कॉटलंडच्या सखल भागात इंग्रजीच्या भावकीतली स्कॉट्स भाषा, तिथंही तुडवणाऱ्याला तेच नाव. उंच भागात गेलिक भाषेत 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाचं आडनाव होतं. इंग्रजीचा जोर वाढल्यावर त्यातल्या अनेकांनी सरळ वॉकर लावलं. पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम यंत्राविना फार उशिरापर्यंत टिकलं, तेही बायकांच्या हाती. लांब फळीभोवती बसून ओलं कापड ठेक्यात आपटायचं, फिरवायचं आणि सोबत गाणी. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही गाणी पहिल्या फटक्यात कळतात.

बाटलीवरचा वॉकर म्हणजे किल्मारनॉकचा किराणा दुकानदार जॉन वॉकर, जन्म १८०५, दुकान १८२० चं. १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकारानं कंपनीला ढांगा टाकत चाललेला टोपीवाला काढून दिला, आणि वॉकर म्हणजे चालणारा हा समज जगभर पक्का झाला. चित्र झकास आहे, व्युत्पत्ती चुकीची.

आपला जॉनी वॉकर हा बदरुद्दीन काझी, इंदूरहून मुंबईत आलेला, बेस्टच्या बसवर कंडक्टरी करणारा. दारुड्याची नक्कल पाहून गुरुदत्तनं त्याला व्हिस्कीचं नाव दिलं. स्वतः तो दारूला शिवत नसे.

१५. धंद्यावरून न आलेले वॉकर, टकर असतात का?

असतात, थोडे. न्यूकॅसलमध्ये टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिच्या नावाचा अर्थ 'भिंतीजवळची दलदल', भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियननं बांधलेली. तिथून बाहेर पडलेल्या काहींना गावावरून वॉकर लागलेलं असू शकतं. जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षकालाही वॉकर म्हणत, पण आडनाव त्यावरून पडल्याचा पुरावा फार तोकडा आहे. कागदावर ही कल्पना रुबाबदार दिसते, म्हणून बऱ्याच घराण्यांना ती आवडते एवढंच.

जर्मन भाषक मुलखातही वॉकरसारखीच आडनावं आहेत, मूळ शब्द एकच आणि धंदाही तोच, इंग्लंडशी मात्र संबंध नाही. अमेरिकेतले काही टकर मूळचे पूर्व युरोपातले ज्यू असतात. त्यांचं आडनाव 'टोकर', म्हणजे चरकावर लाकूड कातणारा, ते नव्या देशात टकर झालं.

१६. आडनावाची ढाल आणि कुळचिन्ह फ्रेम करून विकतात. वॉकर घराण्याचं म्हणून घ्यावं का?

भिंतीला शोभा म्हणून हवं तर घ्या. इंग्लंडात चिन्ह मिळतं ते एका व्यक्तीला आणि तिच्या थेट वंशजांना, आडनावाला नाही. ते देण्याचा अधिकार १४८४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या 'कॉलेज ऑफ आर्म्स'कडं आहे. कुठल्या तरी एका वॉकरला मिळालेली ढाल बाकी लाखो वॉकरांना विकणं हा नुसता दुकानदारीचा भाग.

१७. या तिघांचा आपल्या भागाशी खरोखरचा काही संबंध?

आहे, तिघांचाही. मुंबई उच्च न्यायालयाची १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिलेली काळ्या दगडाची इमारत कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांच्या आराखड्याची. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवाभावी संघटना) १८८२ साली मुंबई बंदरात उतरली ती फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली. मुंगेरला जन्मलेले हे गृहस्थ सनदी नोकरी सोडून भगव्या कपड्यांत अनवाणी हिंडत. पुढं मुक्तिफौजेच्या संस्थापकांच्या बूथ घराण्यात लग्न झाल्यावर ते बूथ-टकर झाले. आणि गायकवाडांच्या बडोद्यात ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी, होते अलेक्झांडर वॉकर. काठियावाडच्या संस्थानिकांनी किती खंडणी भरायची ते ठरवणारा १८०७ चा बंदोबस्त त्यांच्याच नावानं ओळखला जातो. न्यायालयाचा फुलर, मुक्तिफौजेचा टकर, रेसिडेन्सीचा वॉकर : तिघांच्याही धंद्याचा लोकरीशी काडीचा संबंध नाही. प्रश्न ९ मधला मुद्दा यापेक्षा चांगला दाखवता येणार नाही.

१८. भुसावळ-इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत आमच्या शेजारी वॉकर, टकर असायचे. असं आडनाव घरात असेल तर मूळ कसं शोधायचं?

आधी हे ठरवा की आडनाव कुठल्या वाटेनं आलं. अँग्लो-इंडियन कुटुंबात ते बहुधा ब्रिटिश पुरुष पूर्वजाकडून येतं, पण बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेलं किंवा दत्तकानं आलेलंही असू शकतं. म्हणून इंग्लंडच्या नकाशावर उडी मारू नका. इथल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींपासून मागं जा. कंपनी आणि ब्रिटिश राजवटीच्या काळातल्या अशा नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'इंडिया ऑफिस'च्या दप्तरात आहेत. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' ही संस्था त्यांची सूची करण्याचं काम करते.

समुद्रापार जाणारा पूर्वज सापडला की तिकडची साधनं वापरा: इंग्लंड-वेल्सची सरकारी जन्ममृत्यू नोंद १८३७ पासून, माणसांची नावानिशी जनगणना १८४१ पासून, चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, अर्थात ज्या टिकल्या त्या. वॉकर असेल तर नुसत्या आडनावावर शोधू नका, हजारोंनी उत्तरं येतील. बायकोचं माहेरचं आडनाव, पलटण किंवा रेल्वेतला हुद्दा यांपैकी काहीतरी जोडीला घ्या. फुलर असेल तर केंट-ससेक्स-सफक आधी. टकर असेल तर तुमचं काम सर्वांत सोपं: डेव्हनपासून सुरुवात करा, आणि तिथं नाही मिळालं तर सॉमरसेट.